जगतापकाकांची गॅलरी

जगतापकाकांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी मेजरटेप असते. देवळात जातानासुद्धा.

बडोद्यात घरपट्टीला वेरा म्हणतात. वेऱ्याचं बिल आलं की त्याच संध्याकाळी काका माझं दार वाजवतात, टेपचं दुसरं टोक धरायला. आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत घरं पुष्कळ आहेत, पण टोक धरायला मीच. मला याचा मनस्वी संताप येतो. गेली चार वर्षं ऑफिसातून येऊन, चहाही न पिता, मी त्यांच्या घराच्या कोपऱ्यांत ओणवा झालो आहे.

"भिंती वाढल्या का रे? नाही ना? मग वेरा का वाढला?" हा त्यांचा प्रश्न. "चलावी नहि लेवाय!", म्हणजे खपवून घेणार नाही, हे उत्तरही त्यांचंच. जुन्या बिलांवरून त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे आलेख काढलाय आणि तो जिन्यात चिकटवलाय. लाल रेघ नुसती वर चढत जाते. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगतात, "सरकारचं उत्पन्न कसं वाढतं बघायचंय? हे बघ. आमच्या भिंतींवर वाढतं!" दूधवाल्यालाही सोडत नाहीत. तसं ते चुकीचं बोलत नाहीत. माझंही बिल दर वर्षी फुगतं. फरक एवढाच, की मी भरतो आणि घरात चिडचिड करतो. काका भरतात आणि सगळ्या सोसायटीत करतात.

खरं भांडण गॅलरीचं. शकूकाकी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांना रस्ता दिसावा म्हणून काकांनी गॅलरीला काचा लावल्या आणि पलंग तिथे हलवला. पुढच्या बिलात ती जागा खोली म्हणून धरली गेली. झालं! काकांनी अर्जांचा सपाटा लावला: ही खोली नाही, गॅलरी आहे. आम्ही पलंगाखालून टेप सरकवायचो आणि वरून काकी म्हणायच्या, "अहो, लिहू द्या की खोली. मी काय बाहेर राहते?"

"तू मध्ये बोलू नकोस," काका गुरकावायचे.

दिवाळीनंतर काकी गेल्या. मला वाटलं, आता तरी टेप खिशातून कायमची निघेल. कसली निघतेय!

परवा अखेर वेरा खात्याच्या बाई पाहणीला आल्या. मी टोक धरलं. पलंग तिथेच होता, त्यावर धुतलेली चादर होती. बाईंनी मापं घेतली, अर्ज वाचला आणि हसून म्हणाल्या, "काका, तमारी वात साची छे. गॅलरी लखी दउं छुं. वेरो ओछो थशे."

गॅलरी लिहिणार, वेरा कमी होणार! सुटलो एकदाचा, म्हणून मी टेप सोडून दिली. काका मात्र लालबुंद झाले.

"गॅलरी? शेनी गॅलरी? आ रूम छे, बेन! रूम लखो!"

"काका, अर्ज तुमचाच आहे!" माझा आवाज चढला. चार वर्षं गुडघे झिजवले होते मी.

"अर्ज गेला खड्ड्यात. तीन वर्षं राहिली ती इथे. ती काय बाहेर राहत होती?"

बाईंनी निमूटपणे खोली लिहिलं आणि त्या गेल्या. काका पलंगाच्या कडेला टेकले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, तरी पाय तिथून निघेना.

थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता त्यांनी टेप पुढे केली. "धर. बाईंनी इंचभरही कमी लिहिलं असेल, तर चलावी नहि लेवाय."

मी ओणवा झालो.