चौक आला, उतर

माझी बायको शामला लग्नानंतर अकरा वर्षांनी बाहेरून मॅट्रिकला बसली तेव्हा तिला पेपराला रिक्षाने पाठवायचं ठरलं होतं. इतिहासाच्या पेपराच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, रिक्षा कशाला, मीच सोडतो सायकलवर. एवढाच निर्णय. त्यापायी माझं नाव पोलिसांच्या रजिस्टरात गेलं.

तेव्हा नागपुरात सायकलवर डबल सीट बसायला बंदी होती आणि सगळं नागपूर ती बंदी इमानेइतबारे पाळत असे. फक्त चौकात. चौक दिसला की मागचा माणूस उतरे, शिपायासमोरून पायी चाले, आणि चौक सरला की पुन्हा टुणकन कॅरिअरवर. शिपायालाही हे ठाऊक होतं. तो तेवढ्यापुरता आभाळाकडे बघे. कोणी कोणाला पकडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. (मी आवक-जावक टेबलावरचा कारकून. नियम मोडला तरी तो नियमानुसार मोडावा, अशी माझी शिस्त.)

नंदनवनातल्या घरून निघालो तेव्हा सव्वादहा झाले होते. पेपर अकराचा, सक्करदऱ्यापलीकडच्या शाळेत. शामलेचं हॉलतिकीट, पेन असा सगळा ऐवज पिशवीत घालून मी तो हँडलला अडकवला होता, कारण तिच्या हातून वस्तू हरवतात. इतिहासाचं पुस्तक तेवढं तिने स्वतःजवळ ठेवलं.

मोठा चौक आला. मी म्हटलं, "उतर वं."

"आज राहू द्या नं," ती म्हणाली, "उशीर होऊन राहिला."

मी कायदा सांगितला. ती उतरली. चौकापलीकडे मी वेग जरा कमी केला. ती चालत्या सायकलवर बसण्यात पटाईत होती. मागे कॅरिअरला एक दणका बसला. बसली, असं समजून मी पायडल मारलं. (तो दणका खड्ड्याचा होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं.)

वाटेत तिची उजळणी घ्यावी म्हणून मी पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल विचारलं. उत्तर नाही. पुरंदरचा तह कोणाकोणात झाला? उत्तर नाही. मला राग आला. वर्षभर घरातली भांडी मी घासली ती काय यासाठी, असं मी रस्त्याने मोठ्यांदा बोललो. समोरून येणारी एक बाई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसली, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं होतं.

मी तसाच चौकात परतलो. शामला नाही. कोपऱ्यावरच्या धोंडबा पानवाल्याला विचारलं.

"चष्मेवाली बाई नं?" तो चुना लावता लावता म्हणाला. "तिले तर पोलीस घेऊन गेला गा. आपल्या सायकलवर."

डबल सीटच्या गुन्ह्यात बायको पकडली गेली, तीही मॅट्रिकच्या दिवशी. अकरा वर्षं जी बाई पुस्तकासाठी झुरली, तिचं वर्ष माझ्या शिस्तीने बुडवलं होतं. मी चौकीवर गेलो. तिथे बाबनराव नावाचे हवालदार चहा बशीत ओतत होते. मी हात जोडून म्हटलं, साहेब, माझ्या बायकोला सोडा, तिचा काही दोष नाही.

"कोण्या बायकोले?"

"डबल सीटमध्ये पकडली ती."

"बसणाऱ्याले नाही पकडत," ते शांतपणे म्हणाले. "चालवणाऱ्याले पकडतो. कोण चालवून राहिलं होतं?"

"मी," मी म्हणालो.

बाबनरावांनी बशी खाली ठेवली. बावीस वर्षांच्या नोकरीत कोणी आपल्या पायांनी येऊन हा गुन्हा कबूल केला नव्हता. त्यांनी धूळ झटकून रजिस्टर काढलं, माझं नाव, पत्ता, वडिलांचं नाव लिहिलं, खाली सही घेतली आणि सायकल जप्त केली. मग त्यांना हँडलची पिशवी दिसली.

"हे काय?"

"हॉलतिकीट," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

मग बाबनरावांनी चौकात बदलीवर आलेल्या शिपायाला हाक मारली आणि उलगडा झाला. आधीचा शिपाई केशव नुकताच ड्यूटी संपवून निघाला होता. "अहो, थांबा" म्हणून धावणारी बाई पाहून त्याने तिला मागे बसवलं आणि गल्लीतून थेट शाळेकडे नेलं. म्हणजे बायको शाळेत, हॉलतिकीट चौकीत, आणि घड्याळात पावणेअकरा. मी सायकल परत मागितली.

"जप्त झालेली सायकल देता येत नाही, कायदा हाय," बाबनराव म्हणाले. त्यांनी स्वतःची सायकल बाहेर काढली. "बसा मागं."

असा मी हवालदाराच्या मागे डबल सीट निघालो. पुढचा चौक दिसताच सवयीने मी टुणकन उडी मारली. हवालदार दहा पावलं पुढे जाऊन थांबले.

"काहून उतरले?"

"चौक आला."

त्यांनी फक्त बोटाने कॅरिअर दाखवलं.

शाळेच्या फाटकाशी शामला उभी होती आणि केशव तिच्या पुस्तकातून तिला पानिपतचं साल विचारत होता. ती बरोबर सांगत होती. तिने माझ्या हातून पिशवी घेतली, माझ्याकडे न बघता हवालदारांना नमस्कार केला आणि आत गेली. दुसरी घंटा झाली तेव्हा ती बाकावर होती. मी फाटकाबाहेर तीन तास उभा राहिलो. तेवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या मॅट्रिकलाही झाला नव्हता.

ती पास झाली. इतिहासात सगळ्यांत जास्त मार्क. पुढे तिला शाळेत क्लार्कची नोकरी लागली आणि तिने स्वतःची लेडीज सायकल घेतली. माझे गुडघे दुखू लागल्यापासून मला ऑफिसला तीच सोडते. चौकातून जाताना केशव अजून तिला सलाम करतो आणि रस्ता मोकळा करून देतो.

चौक आला की ती न चुकता मला उतरवते. पुढे मला घ्यायला मात्र रोज थांबतेच असं नाही.