कमलमावशींची पंगत

माझ्या घरमालकीण कमलमावशी यांच्या अंगणात हिरवागार कढीपत्ता आहे, तरी वरणाच्या फोडणीला त्या कढीपत्ता बाजारातून आणतात. अंगणातला फुलपाखरांच्या अळ्यांसाठी राखीव. शेजारीण मागायला आली की मावशी तिला फाटकातच अडवतात, “बाळंतपण चालू हाय आत. मंडईतून आण की.”

मी अहमदपूरला नोकरीला आलो तेव्हा मावशींनी खोली दिली, वर पहिला महिनाभर जेवूही घातलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण त्याचं कौतुक माझ्यापेक्षा मावशींनाच जास्त. मी अंगणातून निघालो की त्या मधमाश्यांना सांगतात, “आमचे सर हायत. बीएस्सी झालेत. चावू नका.”

सकाळी चहाचा कप घेऊन त्या तुळशीपाशी बसतात. मंजिऱ्यांवर मधमाश्या, झेंडूवर फुलपाखरं. मोठा काळा भुंगा घरघरत आला की ‘तहसीलदार आले’. संध्याकाळी गुलबक्षी उमलल्यावर येणारे पतंग म्हणजे दुसऱ्या पाळीवाले. पूजेची फुलं तोडायची ती सकाळची पंगत उठल्यावरच. देवाला घाई नसते, असं त्यांचं म्हणणं. या पाहुण्यांपायी मावशी परगावी मुक्कामाला म्हणून जात नाहीत.

यंदा त्यांची एकुलती लेक सुषमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मावशींनी गाद्या उन्हात घातल्या, डिंकाचे लाडू वळले. आणि पुण्याहून तिचा फोन आला, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली आहे. मावशींनी तिलाच धीर दिला, दवाखाना जवळ असलेला बरा म्हणाल्या. मग झेंडूपाशी जाऊन बसल्या. तहसीलदार येऊन गेले, तरी त्यांनी मान वर केली नाही.

तुम्हीच जा की पुण्याला, मी म्हणालो.

“लेकीला लेकरू होईस्तवर तिच्या घरचं पाणी बी पीत न्हाईत, सर. रीत हाय आमच्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेसून तयार. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला कॅन. मंजिऱ्या कुणाला खुडू देऊ नका, एवढं त्यांनी बजावलं. स्टँडवर मी कॅन सीटखाली सरकवून दिला आणि न राहवून म्हणालो, “मावशी, हे पाणी दोन दिवसांत संपंल.”

त्यांनी तो पायाशी नीट ओढून घेतला.

“घोट घोट पीन,” त्या म्हणाल्या.