यासीनचाचांचं फुटसाल

सामना चालू असताना चेंडूकडे अजिबात न पाहणारा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे यासीनचाचा सुतार. गोल झाला की हे जांभई देत, आणि एखादा खेळाडू घसरून आपटला की उठून टीव्हीत डोकं घालत. "सरक ना बाजूला, पाहू दे!" हे त्या पडलेल्या खेळाडूला.

हिंगोलीत तेव्हा माझा एसटीडी बूथ होता. ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी मी तिथे टीव्ही ठेवला होता, आणि केबलवाल्याच्या तबकडीला त्या वर्षी कुठून तरी एक अरबी वाहिनी लागली. तिच्यावर आखाताकडच्या देशांच्या राष्ट्रीय संघांची फुटसाल स्पर्धा. फुटसाल म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. छताखाली, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर फुटबॉल, आणि एका संघात पाचच माणसं. उरलेले सहा विमानतळावर अडकले असतील, असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. त्यात खेळाडू सारखे बदलत, त्यामुळे आत कोण आणि बाहेर कोण याचाही पत्ता लागेना.

"चाचा, काय म्हणून राहिला तो कॉमेंट्रीवाला?" मी एकदा विचारलं.

"मला काय म्हाईत? माझी अरबी नमाजापुरती. आन् हा तर भांडून राहिला कुनाशी तरी!"

"मंग तुमी कोनाकडून हाय? पिवळ्यायकडून का लाल्यायकडून?"

"दोघंबी नालायक. बुटं घासून राहिले नुसते!"

 

चाचांना तसं सगळं गावच टरकून असे. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी दाराच्या सांध्यावरून नख फिरवायचे. फटीत अडकलं की जाहीर करायचे, "नख जाऊन राहिलं!" संपली त्या सुताराची इज्जत. पुसेगावला एका लग्नात सगळं वऱ्हाड पंगतीला बसलं, आणि हे रुखवतातल्या कपाटापाशी नख परजून उभे. स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी तर मी पाहिलं, चाचा टीव्हीच्या काचेवर नख फिरवत होते. आता मात्र मला वाटलं की यांना कुणाला तरी दाखवायला हवं.

म्हणून मी चाचींना गाठलं. त्या चांगल्या परिचयाच्या. त्यांचा इकबाल आखातात सुतारकामाला होता आणि त्याचा फोन दर जुम्म्याला माझ्या बूथवर यायचा. मी चाचींना हाक मारायचो. त्या बोलत तोवर चाचा रस्त्यापलीकडे पाठ फिरवून उभे असत. सात वर्षांपूर्वी नरसी गावात इकबालनं बसवलेलं दार चाचांनी गिऱ्हाइकादेखत उखडलं होतं. "तुला लाकूड कळतच न्हाई," असं चारचौघांत सुनावलं होतं. पोरगं तसंच निघून गेलं. तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्याचा फुटसालशी काय संबंध?

"ते खेळून राहिले न्हाई का, त्या हॉलच्या फळ्या इकबालनं बसवल्यात," चाची म्हणाल्या. "मी यांना तेवढंच सांगितलं. तवापासून यांचा घरात पाय ठरत न्हाई."

मला माझीच लाज वाटली. सात वर्षांचा अबोला मोडायला या माणसाला फक्त एक गोष्ट नीट पाहायची होती, आणि ते खेळाडू मेले सारखे मध्ये येत होते.

अंतिम सामन्याला मी त्यांची खुर्ची टीव्हीला अगदी चिकटून ठेवली. उत्तरार्धात एक लाल सदरेवाला कडेला दाणकन आपटला. कॅमेरा त्याच्या गुडघ्यावर गेला आणि पडदाभर फळ्याच फळ्या. चाचा श्वास रोखून बघत राहिले. बिचारा कळवळत होता. मी मात्र मनात म्हणत होतो, बाबा, घाई करू नकोस, पड जरा वेळ.

कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही. सामना संपायच्या आत चाचा उठले आणि केबिनीत शिरले.

"गजूभाऊ, फोन लाव त्याला."

"थांबा, चाचींकडून नंबर घेऊन येतो."

चाचांनी परदेशाच्या कोडपासून शेवटच्या आकड्यापर्यंत अख्खा नंबर एका दमात म्हणून दाखवला. ज्या नंबरावर हा माणूस एकदाही बोलला नव्हता, तो त्याला तोंडपाठ होता.

फोन लागला. पलीकडून आवाज आला तशी चाचांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मैं बोल रा, बेटा. अब्बा."

मी उगाचच टीव्ही बंद केला.

"देखा मैं. पूरा देखा." चाचांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मेरेसे नै होता था रे वैसा."

पलीकडे इकबाल काय म्हणाला कुणास ठाऊक. सबंध गावाला नापास करणारे चाचा लहान मुलासारखी मान हलवत ऐकत होते. मधूनच म्हणत होते, "हाँ बेटा. हाँ. तू बोल."