किरकोळ सफाई

गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि ते पाणी नेमकं तळमजल्यावरच्या सचिवकाकांच्या डोक्यावर पडलं, तेव्हा इंजिनिअर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत चहा पीत होता. तो हळूच मागे सरकला. निरपराध माणूस असा मागे सरकत नाही, हे त्याच्या बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

टाकी भरली की पंप बंद करणारा प्रोग्राम इमारतीला त्यानेच बसवून दिला होता. तो काही त्याच्या एकट्याचा नव्हता. गावोगावच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा, फुकट वापरावा असा तो प्रोग्राम. त्यात कोणी काही बदललं की तो बदल आपोआप सगळ्या इमारतींत पोचायचा. ज्यांनी हे सुरू केलं त्यांना सगळे आजोबा म्हणत. त्यांचा नियम एकच: अडचण दिसली की लगेच प्रोग्रामच्या इंटरनेटवरच्या फलकावर लिहायची, सगळ्यांदेखत. आता आजोबा थकले होते आणि येत्या रविवारी इंजिनिअर, दाताचे डॉक्टर आणि भूगोलाच्या बाई यांपैकी एकाच्या हाती सूत्रं देणार होते. इंजिनिअरला ती हवीच होती. ऑफिसात त्याला कोणी विचारत नव्हतं, घरी तर प्रश्नच नव्हता.

आणि नेमका आदल्याच दिवशी त्याने प्रोग्रामात हात घातला होता.

"माझंच काहीतरी चुकलंय," तो पुटपुटला. पण फलकावर लिहिणं म्हणजे रविवारच्या तोंडावर आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. त्याने चूक शोधली, ती सापडेना. मग पाणी किती चढलं की पंप बंद व्हावा, तो आकडा थोडा उतरवला आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'किरकोळ सफाई'. असल्या नोंदी कोणी उघडून बघत नाही.

टाकी जेमतेम एक दिवस शहाण्यासारखी वागली. मग सचिवकाका पुन्हा भिजले.

इंजिनिअरने नोंदी उघडल्या. त्याच्या नोंदीनंतर डॉक्टरांची नोंद होती, 'किरकोळ सफाई'. तिच्यानंतर बाईंची, 'किरकोळ सफाई'. दुसरा कोणी पुढे गेला असता. पण चोराच्या मनात चांदणं. त्याने दोन्ही उघडून पाहिल्या. दोघांनीही तोच आकडा गुपचूप वाढवला होता.

"डाव आहे हा," तो बायकोला म्हणाला. "रविवारच्या आधी मला बुडवायचंय त्यांना."

"बुडतायत तर सचिवकाका."

त्याने आकडा पुन्हा उतरवला, त्या दोघांनी पुन्हा चढवला. शेवटी कानोसा घ्यायला त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"काय डॉक्टर, सगळं ठीक?"

"एकदम. तुमच्याकडे?"

"एकदम."

समोरचा आधी बोलेल म्हणून प्रत्येक जण वाट बघत होता. फोन ठेवल्यावर इंजिनिअरचा संशय पक्का झाला.

इकडे सचिवकाका छत्री घेऊन दारात उभे राहिले. "कुठेतरी पाणी मुरतंय, इंजिनिअर. तुझा कोणावर संशय?"

आता कोणाचं तरी नाव घेणं भाग होतं. "परवा वकीलसाहेब गच्चीवर जाताना दिसले होते," तो म्हणाला. वकीलसाहेब रोजच व्यायामाला गच्चीवर जात, हे सांगायचं त्याने टाळलं.

संध्याकाळपर्यंत सचिवकाकांनी गच्चीला कुलूप घातलं, वकिलांनी सचिवकाकांना नोटिशीची धमकी दिली आणि वकिलांच्या बायकोने इंजिनिअरच्या बायकोशी बोलणं टाकलं. हे शेवटचं मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तिने नवऱ्याचा लॅपटॉप ओढला आणि फलकावर लिहून टाकलं:

"आमची टाकी रोज वाहते. नवऱ्याला विचारलं की तो विषय बदलतो. शेजाऱ्यांवर फुकटचा आळ आलाय. कोणीतरी बघा."

"अगं, हे काय केलंस," इंजिनिअरच्या तोंडचं पाणी पळालं. पण तेवढ्यात खाली उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं, "आमच्या शाळेची टाकी भरतच नाही. मला वाटलं माझीच चूक, म्हणून गुपचूप आकडा वाढवला." पाठोपाठ डॉक्टर आले. "माझा पेशंट चूळ भरायला वाकला आणि नळ कोरडा. मीही वाढवला. लाज वाटत होती सांगायला."

मग इंजिनिअरनेही सगळं लिहिलं, वकिलांसकट. लिहून झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की आधीच का लिहिलं नाही, याचा त्याला रागच आला.

रविवारी लॅपटॉपच्या पडद्यावर आजोबांनी तिघांना समोर घेतलं. "तुम्ही तिघं एकाच दोरीची टोकं ओढत बसलात, आणि प्रत्येकाला वाटलं दुसराच ओढतोय. सूत्रं मी फलकावर सगळ्यांत आधी लिहिणाऱ्या इंजिनिअरच्या बायकोला देतो."

"पण तिला प्रोग्राम लिहिता येत नाही," इंजिनिअर म्हणाला.

"तुम्हा तिघांना येतो. काय उपयोग झाला?"

तिघांचे बदल काढून आकडा मूळ जागी गेला. सगळ्यांच्या टाक्या नीट भरू लागल्या, इंजिनिअरच्या इमारतीची सोडून. तेव्हा सचिवकाकांकडून किल्ली घेऊन इंजिनिअर बायकोबरोबर गच्चीवर गेला आणि त्याने टाकीचं झाकण उचललं. पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर आपल्या जागेपेक्षा वीतभर वर, निळ्या रिबिनीने बांधलेला होता. रिबीन त्याच्या ओळखीची होती.

"हा वर कोणी बांधला?"

बायकोने आभाळाकडे बघितलं. "गादी वाळत घालायला आले, तेव्हा झाकण सरकलं होतं आणि आत हा लोंबत होता. म्हटलं भिजेल बिचारा, म्हणून उंच बांधला."

"वर बांधला की त्याला टाकी रिकामीच वाटते. पंप थांबणार कसा? आणि सांगितलं का नाहीस?"

"एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं?"

इतक्या दिवसांत इंजिनिअर प्रथमच मनापासून खूश झाला. "आता फलकावर लिही. लगेच. सगळ्यांदेखत. सूत्रं तुझ्याकडे आहेत."

"लिहिते की," ती म्हणाली. तिने सेन्सर खाली बांधला, हात पुसले, फोन काढला आणि आपली तक्रार मिटल्याची नोंद केली. इंजिनिअरने मान लांब करून पाहिलं. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'किरकोळ सफाई'.