साइडकार वाळत नाही

बद्रीनाथरावांच्या स्कूटरची साइडकार रिकामी असली की डाव्या वळणावर तिचे चाक उचलले जात असे. पत्नी द्वारकाबाई होत्या तोवर ही गोष्ट कधी लक्षातच आली नव्हती. त्या गेल्यावर बद्रीनाथराव त्यांच्या जागी जुन्या मासिकांचे दोन गठ्ठे ठेवून औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात जाऊ लागले. गठ्ठे वळणावर साथ देत, पण वाटेत बोलत नसत. डावीकडे बघायचेच नाही असे ठरवून स्कूटर चालवणे धोक्याचे आहे, हे काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी साइडकार विकायला काढली.

दौलताबादला गडाखाली पेरू विकणारा बन्सी ती बघायला आला. त्याला दाखवायला म्हणून गाडी बाहेर काढताना फाटकाची कडी साइडकारला घासली. वरचा निळा थर वीतभर निघाला आणि आतला पांढुरका फायबर दिसू लागला. बन्सीने त्यावर हात फिरवला. हे गुळगुळीत करून ठेवा, पुढच्या बेस्तरवारी नेतो, म्हणाला.

फायबरवर साधा रंग चालत नाही, जेलकोट लागतो, असे दुकानदाराने सांगितले. निळा जेलकोट डब्यात होता आणि सोबत हार्डनरची छोटी बाटली. हार्डनर कमी पडला तर वाळत नाही, जास्त झाला तर तडकतो. जन्मभर जास्त होण्याचीच भीती बाळगलेल्या बद्रीनाथरावांनी दोन थेंब टाकले आणि हात आखडला. ओरखडा घासून त्यांनी थर दिला तो सुरेख, पण दुसऱ्या दिवशीही तो काकवीसारखा चिकटच होता.

संध्याकाळी समोरचे तात्यासाहेब काठी टेकत आले. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. द्वारकाबाईंच्या तेराव्यानंतर ते या फाटकाच्या आत आले नव्हते. बद्रीनाथराव ओला आहे, ओला आहे म्हणेपर्यंत त्यांनी बोट लावलेसुद्धा. थर ओला आहे असे सांगून आपल्याकडे कुणाला पटत नाही.

"नाय वाळलं," तात्यासाहेब म्हणाले आणि बोट फाटकाला पुसले.

बोटाचा ठसा उठला म्हणून बद्रीनाथरावांनी तो थर पुसून नवा दिला. ते होईपर्यंत चहा झाला. आपण घरून पिऊन आलोय, असे सांगून तात्यासाहेबांनी दोन कप घेतले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाळलं का बघायला आले. तिसऱ्या दिवशीही. बोट, ठसा, नवा थर, चहा. मग गुडघ्यांचे दुखणे, पुण्याच्या मुलाच्या घरची लिफ्ट आणि कुणाचा बांध कुणी कोरला, हे सगळे निघायचे. बद्रीनाथराव दूध दुप्पट घेऊ लागले.

बन्सी दोनदा येऊन शर्टाची बाही चिकटवून गेला. शेवटी म्हणाला, "काका, या बेस्तरवारी नाय झालं तर ऱ्हाऊ द्या. मी दुसरी बघतो."

कुणाला ताटकळत ठेवल्याची बद्रीनाथरावांना फार लाज वाटली. त्यांनी वाचनालयात पुस्तक शोधले. जेलकोट उघड्या हवेत वरून चिकटच राहतो. हार्डनर पुरेसा घालून वरून प्लास्टिक लावावे, असे त्यात होते. त्यांनी तसे केले. बुधवारी प्लास्टिक सोलले तर खाली काचेसारखा टणक थर.

संध्याकाळी तात्यासाहेबांनी बोट लावले. मग दुसरे लावले. मग नख रोवून पाहिले.

"वाळलं की," ते म्हणाले. कुणी गेल्याचे सांगावे तसे.

"चहा ठेवतो."

"नको. घरून पिऊन आलोय." आणि त्या दिवशी ते खरेच थांबले नाहीत. फाटकाशी मात्र वळले. "उद्या नेणार का बन्सी?"

"हो."

"बरं झालं."

रात्री उरलेल्या दुधाला बद्रीनाथरावांनी विरजण लावले. एकट्याला एवढे दही लागत नाही, हे लावून झाल्यावर त्यांना आठवले.

सकाळी बन्सी आला तेव्हा साइडकारच्या मागच्या बाजूला नवा ओरखडा होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजणीच्या नकाशावर हद्द आखावी तसा सरळ. बन्सीने एकदा ओरखड्याकडे आणि एकदा बद्रीनाथरावांकडे पाहिले.

"काका, तुमच्याच्यानं नाय व्हायचं हे," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी तात्यासाहेब आले ते कुणी काही सांगायच्या आत थेट मागच्या बाजूला गेले.

"अरारा. मांजरानं केलं असंल."

"इतकी सरळ रेघ?"

"मांजरं बी शिकलेली असतात आजकाल."

त्यांच्या काठीच्या लोखंडी टोकाला निळी भुकटी लागलेली होती. बद्रीनाथरावांनी ती पाहिली, आत जाऊन चहा ठेवला आणि बाहेर येऊन जेलकोटचा डबा उघडला. कितीतरी वेळ ते नुसतेच ढवळत राहिले.

"हार्डनर नाय घालायचा?" तात्यासाहेबांनी विचारले.

"बाटली सापडत नाही हो."

बाटली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून अर्धी बाहेर आलेली होती. तात्यासाहेबांनी खिशाकडे पाहिले, काठी भिंतीला टेकवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग सावकाश शोधा," ते म्हणाले. "घाई कुणाला हाय?"