आतून अडकलात तर...

रविवारी सकाळी बरोबर अकरा वाजता कुलूपवाले काका स्वतःच्याच न्हाणीघरात शिरले, दार लावलं, आतून किल्ली फिरवली आणि ती किल्ली दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवून दिली. समोर खिडकीच्या कट्ट्यावर मोबाइल उभा केलेला होता.

"मंडळी, किल्ली गेली बाहेर," काका मोबाइलकडे बघून ऐटीत हसले. "आता बाहेरून कुणाचीही मदत न घेता, घरातल्या तीन साध्या वस्तू वापरून मी पाच मिनिटांत बाहेर येतो. आजचा विषय, आतून अडकलात तर!"

हा त्यांचा दोनशे आठवा व्हिडिओ. चाळीस वर्षं कुलपांचं दुकान चालवून ते हाताखाली शिकलेल्या चेल्याकडे सोपवल्यावर काका घरी बसले आणि आठ दिवसांत त्यांनी घरातली सगळी कुलपं दोनदा खोलून जोडली. तेव्हा मुलीनेच त्यांना हे चॅनेल काढून दिलं. दर रविवारी एक व्हिडिओ, अशी चार वर्षं. एक रविवार चुकेल तर शपथ! ताप होता तेव्हा पांघरुणात बसून कडीला तेल कसं घालावं ते दाखवलं. घसा बसला तेव्हा पाटीवर लिहून दाखवलं. मुलीच्या लग्नात पाहुणे जेवत होते, तेव्हा हे कार्यालयाच्या कोठीचं गंजलेलं कुलूप उघडत बसले होते. लग्नाच्या अल्बममध्ये वधूचे वडील त्यामुळे तीनच फोटोंत आहेत.

आणि एवढं करून सबस्क्रायबर किती? तीनशे बारा. त्यातले चाळीसेक तर नातेवाईकच, आणि तेही न बघणारे. पण 'बंद खिडकी' नावाचं कुणीतरी होतं. व्हिडिओ टाकला की पाच मिनिटांत ते बघायचं आणि अंगठा वर करायचं. त्या एका अंगठ्यावर काका आठवडा काढायचे. आणखी एक अंगठा होता, तो मात्र खाली. अठ्ठावन्नाव्या व्हिडिओला मिळालेला. तीन वर्षं तो काकांच्या घशात अडकून बसला होता.

"त्यात काय चुकलं असेल गं माझं?" ते अधूनमधून काकूंना विचारायचे.

"मला काय विचारता? मी कुठे बघते तुमचे व्हिडिओ," काकू भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

आता गोष्ट अशी, की काकांनी स्वतःच्याच तोंडाने सांगून ठेवलं होतं. "चार वर्षं होऊ देत. हजार झाले नाहीत तर चॅनेल बंद, आणि व्हिडिओसाठी आणलेला हॉलमधला तो मोठा दिवा माळ्यावर." ती चार वर्षं आज संपत होती. म्हणून तर मुलीचं ऐकून त्यांनी पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करायचं धाडस केलं होतं. बघणारे होते नऊ.

पहिली वस्तू कंगवा. त्याचे दोन दात पडले. दुसरी वस्तू चमचा. त्याचा दांडा वाकला, कुलूप ढिम्म. "हे होणारच होतं, मी मुद्दाम दाखवलं," असं सांगून काकांनी तिसरी वस्तू काढली, काकूंची केसांची पिन. पिन आत गेली, काकांनी कान लावला, हलकेच फिरवली. कट्ट! अर्धी पिन काकांच्या हातात राहिली आणि अर्धी कुलपात.

मोबाइलवर एक ओळ उमटली. "काका, अडकलात का?"

"छे छे, रंगीत तालीम चाललीय," काका म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

बाहेरून काकूंचा आवाज आला. "अहो, पाच मिनिटांची वीस झाली. ही किल्ली लावू का मी?"

"अजिबात नाही! मदत न घेता म्हटलंय मी!"

पण काकूंनी लावलीच. किल्ली अर्धी गेली आणि थांबली. आत पिनेचा तुकडा आडवा बसला होता.

"जात नाहीये हो. कोपऱ्यावरून तुमच्या चेल्याला बोलावू?"

"खबरदार! कुलूपवाल्याच्या घरी कुलूपवाला बोलावणार? चाळीस वर्षांवर पाणी पडेल माझ्या!"

हे सगळं प्रेक्षकांना स्वच्छ ऐकू जात होतं. नऊचे साठ झाले होते. कुणीतरी आपल्या मित्रांना कळवलं होतं, की एक कुलूपवाला न्हाणीघरात अडकलाय, लवकर बघा. मुलीनेही लिहिलं, "बाबा, बंद करून टाका, व्हिडिओ काढून टाकता येतो."

काकांनी ते वाचलं. चार वर्षांत त्यांनी एकाही व्हिडिओत काटछाट केली नव्हती. कुलूप उघडायला दोन तास लागले तर व्हिडिओ दोन तासांचा. लोक कंटाळून जायचे ते त्यामुळेच, पण खोटं काही दाखवायचं नाही हा त्यांचा नेम होता. त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि मोबाइल हातात घेतला.

"मंडळी, रंगीत तालीम वगैरे काही नाही. मी अडकलोय. पिन जुनी होती, बघून घ्यायला हवी होती, चूक माझी. आता सुचेपर्यंत कुणाचं कुठलं कुलूप कुरकुरत असेल तर विचारा. तसंही मला जायचं कुठे आहे?"

आणि लोकांनी विचारायला सुरुवात केली. कुणाचं कपाट लागत नव्हतं, कुणाची किल्ली थंडीत फिरत नव्हती, कुणाच्या पेटीची चावी आजोबांबरोबर गेली होती. काका एकेकाला नीट, मायेने सांगत होते. साठाचे सहाशे झाले. मग एक ओळ आली. "काका, मी नर्स आहे. गच्चीत कपडे वाळत घालायला आले आणि सरकतं दार मागून बंद झालं. बारा वाजता ड्यूटी आहे. घरात कुणी नाही. काय करू?"

काका बादलीवरून ताडकन उठले. "बाई, घाबरायचं नाही. दाराच्या काचेला दोन्ही तळहात सपाट लावा. दार वर उचला. उचललं? तसंच धरून दोन-तीनदा हलवा. जोर लावायचा नाही, रागवायचं तर मुळीच नाही. कडी खाली पडल्याचा आवाज येईल. आला की सरकवा."

मिनिटभर काहीच आलं नाही. सहाशे माणसं आणि एक अडकलेला कुलूपवाला श्वास रोखून बसले. मग अक्षरं उमटली. "उघडलं!!! काका, उघडलं!"

त्यानंतर आकड्याला काही धरबंधच राहिला नाही. हजार झाले, दोन हजार झाले. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न. "काका, आता तुमचं दार?"

तेवढ्यात बाहेरून ठक् ठक् असा आवाज आला.

"कोण आहे? चेल्याला बोलावलंस ना शेवटी?" काका ओरडले.

"कुणी नाही, मीच आहे. एकशे बारावा व्हिडिओ," काकू म्हणाल्या. "दार बाहेर उघडत असेल तर कुलपाच्या मागे लागायचं नाही, बिजागऱ्या गाठायच्या. खिळा खालून लावायचा, हातोडी हळू मारायची, खीळ वर येते. आधी खालची बिजागरी, मग वरची. तुम्ही तेव्हा उलटं सांगितलं होतं, आणि एकशे तेराव्यात माफी मागितली होती."

काकांचा आ वासला. "तू... तू तर बघत नाहीस ना?"

"दर रविवारी तुम्ही व्हिडिओ टाकून आडवे होता, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून बघते. कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून. पहिलं कोण बघतं वाटलं तुम्हाला?"

"म्हणजे 'बंद खिडकी' तू?"

"सरका मागे, दार येतंय."

दुसरी खीळ निघाली, दार बिजागऱ्यांच्या बाजूने बाहेर सुटलं आणि फटीतून काकू दिसल्या. हातात हातोडी, पदर खोचलेला, चेहऱ्यावर घाम. काकांनी मोबाइल त्यांच्याकडे वळवला. थेट प्रक्षेपण चालू होतं, तेव्हा बोलणं भाग होतं.

"मंडळी, चाळीस वर्षांत मी खूप जणांना शिकवलं. ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. आणि मला आज कळतंय!"

"पुरे झालं, लोक बघतायत," काकू म्हणाल्या, पण हातोडी त्यांनी खाली ठेवली नाही.

दुपारपर्यंत लोक मागचे दोनशे सात व्हिडिओ उकरून बघू लागले होते. प्रत्येक कुलूप खरंच उघडत होतं, कुठेही काटछाट नव्हती. सबस्क्रायबर अकरा हजार झाले. मुलीने फोन केला आणि बराच वेळ नुसतं "बाबा, बाबा" करत राहिली. चेला दुकान बंद करून आला, दार पुन्हा बसवून गेला आणि पैसे विचारले तर पाया पडला. हॉलमधला दिवा आता माळ्यावर जाणार नव्हता. काका त्याच्याखाली बसून मोबाइल बघत होते आणि छाती काही केल्या खाली येत नव्हती.

"अगं, पण अठ्ठावन्नाव्याला तो खाली अंगठा कुणी दिला असेल? आता तर मला शोधून काढलंच पाहिजे."

"मीच दिला. माझी चांगली सुरी वापरली होतीत त्यात."

काकांनी आजच्या व्हिडिओखालचे आकडे उघडले. सात हजारांवर अंगठे वर होते आणि एकच खाली.

त्यांनी हळूच मान वर करून काकूंकडे पाहिलं. "आता काय झालं?"

"पिन," काकू म्हणाल्या.