पाचव्या लिंकची आमटी

"सर, माझी मुलं इंटरनेटवर भटकत नाहीत. मी त्यांना बोट धरून नेते!" असं शिक्षिका मधुवंतीनं मुख्याध्यापक उमाशंकरजींना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा माळव्यातल्या देवासच्या टेकडीवरची देवीसुद्धा गालात हसली असेल.

उमाशंकरजींना संगणकखोली हवी होती, शाळेच्या बँडचे ढोल ठेवायला. मधुवंतीला ती हवी होती तिच्या ऑनलाइन शोधवर्गासाठी. अखेर ठरलं, धारहून तपासनीस यशवंतराव येतील, वर्ग बघतील. पसंत पडला तर खोली मधुवंतीची, नाहीतर ढोलांची. आणि यशवंतरावांना सवड सापडली ती नेमकी होळीच्या दिवशी, अर्ध्या शाळेत.

मधुवंती हरखली. विषय तर आपल्या पायांनी चालत आला! 'आपल्या होळीच्या ताटाचा इतिहास.' तिनं मुलांसाठी संगणकावर एक देखणं पान केलं. काम काय, पायऱ्या कोणत्या, इतिहासकार कोण, बातमीदार कोण, सगळं गोधडीच्या टाक्यासारखं बारीक घातलेलं. खाली पाच लिंका. सणांची, पिकांची, मसाल्यांची, जुन्या नकाशांची. पाचवी गावातल्या मराठी समाजाच्या प्रश्नपेटीची, अडलं तर जाणत्यांना विचारायला. आणि वर ठळक नियम: कुणी काहीही सांगितलं, तरी विचारा, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?'

वर्ग सुरू झाला आणि काय रंगला! जोंधळ्याच्या कणसावर पाखरं बसावीत तशी मुलं संगणकांवर तुटून पडली. यशवंतराव मान डोलवू लागले. सातवीतली ईशानी इतिहासकार झाली होती. चार लिंका तिनं फस्त केल्या, मग अडली, आणि नियमाप्रमाणे पाचवीवर गेली. तिथं तिनं निरागसपणे प्रश्न टाकला: 'देवासची खरी कटाची आमटी कोणती? थोरल्या पातीची की धाकट्या पातीची?'

आता, ज्या गावात एके काळी एकाच राजघराण्याच्या दोन पात्यांची, म्हणजे शाखांची, दोन राज्यं एकमेकांच्या अंगणात नांदली, तिथं हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी काढत नाही. राज्यं गेली, आमट्या राहिल्या. प्रश्नपेटीतला प्रश्न समाजातल्या प्रत्येक मोबाइलवर वाजतो, हे मधुवंतीला ठाऊक होतं. पण उत्तर टाइप होऊन येईल, असं ती धरून चालली होती. होळीच्या सकाळी, गॅसवर आमटी रटरटत असताना, असल्या प्रश्नाचं उत्तर टाइप कोण करतं? ते पातेल्यातून येतं!

पहिल्या आल्या अक्का. मधुवंतीच्या आत्येसासू, तिच्याच घरात राहणाऱ्या, थोरल्या पातीच्या कट्टर. पदर खोचलेला, पातेलं फडक्यात बांधलेलं. दारातूनच त्यांनी ओवी सोडली:

"आमटी गं कटाची, तिला गुळाचं माहेर,
थोरल्या पातीचा गं, तिला जरीचा आहेर."

मागोमाग रिक्षातून धाकट्या पातीच्या बकुळाकाकू उतरल्या, हातात स्टीलचा डबा आणि पळी. त्या उंबऱ्यातूनच उत्तरल्या:

"आमटी गं कटाची, तिला चिंचेचा झणका,
गुळमट बाईचा गं कुठं वाजतो डंका?"

उमाशंकरजी धावत आले. "मॅडम, ये क्लास है या भंडारा?"

मधुवंतीच्या कानात ढोल वाजायला लागले. तिनं अक्कांना बसायची विनवणी केली, काकूंना पाणी दिलं. दोघींनी ते बाजूला सारलं आणि निवाड्यासाठी यशवंतरावांपुढं दोन वाट्या ठेवल्या. त्यांनी दोन्ही चाटूनपुसून संपवल्या, मिशा पुसल्या, आणि अदबीनं म्हणाले की आमच्या धारला खोबरं जरा अधिक भाजतात. झालं! दोन्ही पात्या जन्मात पहिल्यांदा एक होऊन त्यांच्यावर उलटल्या.

त्या गदारोळात ईशानीनं हात वर केला.

"अक्का, ये आपको... म्हणजे, ही तुम्हाला कुणी शिकवली?"

"माझ्या आत्यानं," अक्का ताठ मानेनं म्हणाल्या. "बागली गावच्या भागीरथीआत्यानं."

"आणि तुम्हाला, काकू?"

बकुळाकाकूंची पळी हवेतच थांबली. त्यांना शिकवली होती सासूबाईंनी. सासूबाईंना शिकवली माहेरच्या शेजारणीनं. माहेर बागलीचं. आणि शेजारणीचं नाव काकूंनी पळीतल्या आमटीलाच सांगितल्यागत पुटपुटलं, "भागीरथी."

ईशानीनं टकटक बोटं चालवली आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'निष्कर्ष. देवासची खरी आमटी देवासची नाहीच. बागलीची आहे.'

यशवंतराव उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पोरीनं मुळाला हात घातला, असा वर्ग आपण उभ्या नोकरीत पाहिला नाही, खोली मॅडमचीच, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. ढोल व्हरांड्यात गेले. अक्का आणि काकू आपापली भांडी उचलून, एकमेकींकडे न बघता, निघून गेल्या. मधुवंतीला त्याचं भानच नव्हतं. ती घरी चालत नाही, तरंगत आली.

पान वाढलेलं होतं. पुरणपोळी, तुपाची धार, कुरडई, भजी. वाटी मात्र कोरडी ठणठणीत.

"अक्का, आमटी?"

अक्कांनी तव्यावरची पोळी उलटली. मागं वळूनही पाहिलं नाही.

"आहे ना. पाचवी लिंक उघड आणि घे ओतून."